सेल्फ मारायला मी

आमच्या डिझेल गाडीचा फिल्टर बदलताना मला एकच काम असायचं. स्टिअरिंगमागे बसायचं आणि हाक येईपर्यंत किल्लीला हात लावायचा नाही. आमचे हे जालन्याच्या एमआयडीसीत, स्टीलच्या कारखान्यात फिटर होते. आपल्या गाडीचं बोनेट मेकॅनिकने उघडणं म्हणजे त्यांना स्वतःचा अपमान वाटायचा. दरवर्षी अंगणात ते बोनेटखाली वाकायचे आणि मी आत बसायचे. वर उचललेल्या बोनेटमुळे मला पलीकडचं काही म्हणजे काही दिसायचं नाही. फक्त ऐकू यायचं. पान्याची टकटक, फिल्टरजवळच्या डिझेलच्या हातपंपाचं फुस्स फुस्स, मग "मार." मी सेल्फ मारायचे. नळ्या गळतात का ते बघून झालं की "बंद कर." मी बंद करायचे. उभ्या संसारात मी त्यांचं एवढं निमूटपणे कधी ऐकलं नाही, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. खरंच होतं ते.

दिवाळीनंतर ते गेले. आठवड्यातून एकदा मी गाडी चालू करून ठेवत होते. गेल्या महिन्यात ती चालू होऊन लगेच धापा टाकत बंद पडायला लागली. डिझेल पोचत नव्हतं, फिल्टर तुंबला होता, एवढं मला कळत होतं. पुण्याहून मुलाचा फोन आला. "आई, उगंच कशाला ठेवून राह्यलीस? रविवारी एक जण बघायला येईल. चालू झाली न्हाई तर भंगाराच्या भावात देऊन टाकू."

मला गाडी द्यायची नव्हती. त्यांनीच मला ती चालवायला शिकवलेली. जाफराबादकडच्या आमच्या शेतावर आम्ही तिच्यातूनच जायचो. ती गेली की त्यांच्या हातांनी चालतं ठेवलेलं असं घरात काहीच उरणार नव्हतं. ओळखीच्या मेकॅनिकला फोन केला तर म्हणाला, "काकू, सोमवारी येतो." सोमवारी येऊन तो काय करणार होता?

शनिवारी सकाळी गाडी थंड असतानाच मी कामाला लागले. नवा फिल्टर कपाटात होता. ते नेहमी एक पुढचा आणून ठेवायचे. आणि कुठलंही काम हाती घेताना आपण करतो तेच मी केलं. गाडीला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं, दोन उदबत्त्या लावून पुढच्या जाळीत खोचल्या. मग बोनेट उघडलं, बॅटरीची काळी वायर सोडली, फिल्टरखाली जुनी परात धरली आणि पक्कडीने क्लिप दाबून नळी ओढली. डिझेल परातीत पडलं, थोडं हातावर आलं. त्या वासात मोगऱ्याचा वास मिसळला आणि मी मान वर केली. उदबत्त्या हातभर अंतरावर जळत होत्या.

हे असते तर अख्ख्या कॉलनीला ऐकू गेलं असतं. आधी काम, मंग पूजा, हे मी दर दसऱ्याला ऐकलेलं. उदबत्त्या उपटून मी बादलीत बुडवल्या, साबणाने हात धुतले आणि पायरीवर बसले. एवढी मोठी चूक केली आणि रागवायला कुणी नाही, याचंच मला रडू आलं. "अक्कल गहाण ठेवली काय?" मी स्वतःला म्हटलं. वाक्य त्यांचंच होतं, पण माझ्या तोंडी त्याला धार नव्हती.

पुढचं त्या मानाने सोपं निघालं. नव्या फिल्टरवरचा बाण इंजिनकडे करून तो बसवला, नळ्या लावल्या, क्लिपा आवळल्या, सांडलेलं सगळं फडक्याने पुसलं आणि काळी वायर परत जोडली. नळीत शिरलेली हवा निघेपर्यंत हातपंप दाबायचा होता. किती वेळा, ते मला पाठ होतं. आत बसून इतकी वर्षं मी तेच तर मोजत होते. तिसाच्या पुढे फुस्स जड व्हायचं आणि मग हाक यायची. तिसाच्या पुढे पंप जड झाला.

मी आत जाऊन बसले. किल्लीला हात लावला नाही. खरं सांगते, मी वाट बघत होते. बोनेट उघडं होतं, पलीकडे कुणी वाकलेलं असेल असं धरून चालायला काही हरकत नव्हती. शेजारी कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. गल्लीतून भाजीवाला ओरडत गेला. शेवटी मीच मोठ्याने म्हटलं, "मार."

गाडी सुरू झाली आणि बंद पडली. उतरले, पंप दाबला, परत बसले, परत म्हटलं. तिसऱ्यांदा ती चालू झाली आणि चालूच राहिली. उतरून, बोनेटखाली वाकून नळ्यांवरून फडकं फिरवलं. कोरडं होतं. आत बसून मुलाला फोन लावला.

"आई, कसला आवाज येऊन राह्यला?"

"गाडीचा. त्या माणसाला उद्या येऊ नको म्हण."

"दुरुस्तीला कोण आलंय?"

"कोणी न्हाई," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

काम झालं होतं. आता फक्त गाडी बंद करायची होती. "मार" मी तीनदा म्हटलं होतं. "बंद कर" म्हणायला मात्र मला तोंड उघडता येईना.