तांबडा की काबरा

माघातला दुसरा रविवार, सकाळची वेळ. ठरलेली रक्कम तीनशे रुपये. हजर: मी, बायको, सासूबाई आणि शेजारचे मामा. विषय एकच, परसात कोंबडे दोन झाले होते, त्यातला कोणता ठेवायचा. अकरा कोंबड्याही तिथेच होत्या, पण त्यांना मी हजेरीत धरलं नाही.

त्या साली पाऊस नावापुरता झाला. पाण्याचा टँकर एक दिवसाआड, आणि ज्वारी माणसांनाच पुरेना. दोन कोंबडे पोसणं परवडणारं नव्हतं. एक विकायचं बायकोनं कबूल केलं, पण अट घातली, की ठेवायचा तो तिच्या मर्जीनं. गायी आटल्या होत्या. घरातलं चहा-साखर तिच्या अंड्यांच्या पैशावर चालायचं.

मी गावच्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी. घरात केरसुणी आणायची तरी मला सूचक-अनुमोदक लागतो. म्हणून रीतसर सभा बोलावली. सोसायटीतला ताणकाटा आणून दोघांच्या पायाला सुतळी बांधली आणि वजनं घेतली. तांबडा तीन किलो शंभर भरला. काबरा, ज्याची शेपटी अर्धी झडलेली, एक किलो नऊशे.

"आवो, कोंबडा ठेवायचा हाय का इकायचा?" बायको म्हणाली. "वजन इकताना करतेत."

तिनं मूठभर ज्वारी तांबड्यापुढं टाकली. जवळ आलेल्या दोन कोंबड्यांना त्यानं टोचून पळवलं, दाणे संपवले आणि मग मान ताठ करून सगळ्यांना हाक मारली.

"तुमच्या चेअरमनवानीच हाय. आदी सोता खातंय, मग सभा बोलावतंय."

दुसरी मूठ काबऱ्यापुढं. त्यानं एक दाणा उचलला, खाली टाकला, कुट कुट केलं. अकराही जणी धावल्या. त्याच्या वाट्याला काही राहिलं नाही.

"म्हणूनच हा एक किलो नऊशे आहे," मी म्हणालो.

तांबडा ठेवावा अशी सूचना मी मांडली. उरलेला कोंबडा तीनशेला मामाच घेणार होते; त्यांना संध्याकाळच्या रश्श्याची घाई, म्हणून लगेच अनुमोदन दिलं. राहिल्या सासूबाई. त्यांच्या गावातला बोअर आटल्यानं त्या आमच्याकडं होत्या.

"जावईबापू म्हनतील तसं."

"आये, तू मही आई हायेस का ह्यांची?"

"मी त्यांच्या घरी जेवतीय, बाई."

तीन विरुद्ध एक. ठराव मंजूर.

"कोंबड्यांना इचारलं का?" बायको म्हणाली. "सभासद तर त्या हायेत."

"हा संचालक मंडळाचा विषय आहे."

मामांनी तीनशे मोजले आणि काबरा बगलेत मारून नेला. संध्याकाळी रस्सा व्हायचा होता. पण दुपारी बघतो तर परसात तांबडा एकटा. मधली भिंत कमरेएवढी. पलीकडं मामींनी काबऱ्याला थोड्या कण्या टाकल्या होत्या आणि तो कुट कुट करून वाटप करत होता. भोवती आमच्या अकराही जणी. मामींच्या टोपल्यात चार अंडी.

"मामी, ह्या आमच्या कोंबड्या."

"आमी न्हाई आनल्या, सेक्रेटरी. राजीनामा देऊन आल्यात त्या." आणि मामांकडं वळून, "कोंबडा कापायचं नाव काढू नका. अंडी बसल्या जागी येतेत."

संध्याकाळी एकेक धरून आणल्या. सकाळी पुन्हा भिंतीपलीकडं. तांबडा आमच्या उकिरड्यावर उभा राहून आरवायचा, गणपूर्ती नसलेल्या सभेत भाषण करावं तसा. दुसऱ्या दिवशी चहा बिनसाखरेचा आला. तिसऱ्या दिवशी आलाच नाही.

"सासूबाई, काय करावं?" मी विचारलं.

"तुमी म्हनताल तसं," त्या म्हणाल्या. "पर चहा तर मलाबी न्हाई मिळाला."

मी भिंतीशी गेलो. मामी तीनशेला काबरा परत द्यायला तयार नव्हत्या. मामा मात्र केव्हापासून आमच्या तांबड्याच्या तंगड्या न्याहाळत होते.

"कावून भांडता?" ते म्हणाले. "त्यो द्या, ह्यो घ्या."

बायकोनं मान डोलावली. ह्या वेळी मी मतदान घेतलं नाही.

शेवटी दिलं ते असं: तीन किलो शंभरचा तांबडा मामांना, आणि तीन दिवसांच्या कण्यांचे रोख चाळीस रुपये मामींना. अंड्यांचा विषय मी काढला, तो मामींनी घेतला नाही.