ताटाबाहेरचे घास

देव आहे की नाही, याचा निकाल मी सत्तरी आली तरी लावलेला नाही. पण चित्राहुती घालतो. जेवायला बसलं की ताटाभोवती पाणी फिरवायचं आणि तूपभाताचे बोराएवढे घास ताटाच्या उजव्या अंगाला, ताटाबाहेर, जमिनीवर मांडायचे. वडील मांडत, म्हणून मी मांडतो. ते यमाचे, चित्रगुप्ताचे आणि आणखी कुणाकुणाचे. त्यांना कुणी शिवायचं नाही, जेवण झालं की उचलून पाखरांना टाकायचे. बायको यावरून माझी टर उडवायची. म्हणायची, "आधी तुमच्या साहेबलोकांचं होऊ द्या, मग आम्ही बसतो." ती गेल्यावर जेवायला मी एकटाच उरलो. खरं सांगतो, ते घास मांडताना मला बरं वाटायचं. पंगतीला आणखी कुणीतरी आहे असं वाटायचं.

रायापूरला आमचं घर मोठ्या रस्त्यापासून थोडं आत आहे. हुबळी-धारवाड बसचा आवाज दिवसभर येत असतो. सर्व्हेच्या ऑफिसातून निवृत्त झालो, भात-वरण करायला शिकलो, भाकरी खानावळीतून आणतो. मुलगी बेंगळूरला असते. आई गेल्यापासून ती मला तिकडे बोलावत होती आणि मी दर वेळी काहीतरी काढत होतो. कधी टाकी गळते, कधी पेन्शनची कागदं, कधी तुळशीला पाणी कोण घालणार. खरं कारण एवढंच की त्या घरात माझं ताट कुठं मांडायचं ते मला कळत नाही.

शेजारची अक्का रोज दुपारी कुंपणावरून विचारते, "ऊटा आतेनरी?" म्हणजे, जेवण झालं का हो. आमच्याकडे हे विचारण्याची रीतच आहे, कुणी उत्तरासाठी थांबत नाही. "आतरी, झालं," म्हणायचं आणि आपल्या कामाला लागायचं. मला मात्र वाटायचं, हिनं एकदा तरी विचारावं, कुणाबरोबर झालं?

अशात दिवाळीनंतर मुलीचा फोन आला. नात तेव्हा साडेतीन वर्षांची. जेवत नव्हती. पाळणाघरातून डबा जसाच्या तसा परत यायचा. घरी आई चमचा घेऊन आणि बाप मोबाईलवर कार्टून लावून बसायचे, तरी ही ओठ घट्ट मिटून घ्यायची. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, मूल ठणठणीत आहे, मागे लागू नका. पण मागे न लागणं आईबापांना जमलं तर ना. "अप्पा, थोडे दिवस तुमच्याकडे ठेवते," मुलगी म्हणाली. "जूनमध्ये मोठ्या शाळेत जायचंय. तिथं कुणी भरवत नाही. आपल्या हातानं जेवायला लागली की घेऊन जाईन."

हे शेवटचं वाक्य मी तेव्हा नीट ऐकलंच नाही. घरात कुणीतरी येणार, एवढंच ऐकलं.

पहिल्या आठवड्यात मी सगळे खेळ करून पाहिले. काऊचा घास झाला, चिऊचा झाला. ती खिडकीतून बस बघायची म्हणून घासाची बस केली, हॉर्न वाजवत तोंडापर्यंत नेली. बस स्टॉपवर थांबली, दार काही उघडलं नाही. अक्का मीठ-मिरच्या घेऊन आली, "दृष्टि आगेती," म्हणजे नजर लागली आहे, असं सांगून तिनं दृष्ट काढली. घरभर ठसका झाला. नात खोकली आणि मग दूधही घेईना. रात्री मुलीचा व्हिडिओ कॉल यायचा. "काय काय खाल्लं? किती खाल्लं?" मी केळं म्हणायचो, बिस्कीट म्हणायचो. पलीकडचा चेहरा उतरायचा, आणि सकाळी मी दुप्पट जोरानं चमचा उचलायचो.

एका दुपारी माझी सटकली. मी तसा तापटच. तिची ताटली तिच्यापुढे ठेवली आणि म्हणालो, "खायचं तर खा, नाहीतर राहू दे. मला भूक लागलीय." माझं ताट घेतलं, पाणी फिरवलं, घास मांडले आणि भिंतीकडे तोंड करून जेवायला लागलो. मध्येच गॅसवरचं दूध आठवलं म्हणून उठलो. परत आलो तर चित्राहुती गायब. मुंग्यांनी एवढ्या पटकन नेलं असेल असं वाटेना. नातीच्या हनुवटीला तूप लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिरक्या नजरेनं बघत राहिलो. एक इवलासा हात माझ्या ताटाच्या उजवीकडून आला, एक घास उचलला, गेला. पुन्हा आला. तिच्या ताटलीत तोच भात, तेच तूप होतं. त्याला तिनं बोट लावलं नव्हतं. पण जमिनीवरचे घास तिला कुणी खा म्हटलं नव्हतं. त्यांच्यावर कुणाचं लक्ष नव्हतं, निदान तिला तसं वाटत होतं. वडील असते तर घर डोक्यावर घेतलं असतं. मी विचार केला, यम काय, इतकी वर्षं जेवतोयच. थोडे दिवस उपाशी राहिला तर आमचंच भलं.

पण हुशारी अंगाशी येतेच. दोन-तीन दिवसांनी मी घास लिंबाएवढे केले. आत वरण कालवलं, उकडलेलं गाजर कुस्करून लपवलं. नातीनं घासांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेनं मी पुरता ओशाळलो. सर्व्हेच्या नोकरीत बांध सरकवणारे पुष्कळ पाहिले होते, पकडल्यावर त्यांचा चेहरा कसा होतो ते मला त्या दिवशी आतून कळलं. तिनं हात मागे घेतला आणि पुढं बरेच दिवस माझ्या उजवीकडे फिरकली नाही.

त्या दिवसांत मला एक गोष्ट स्वच्छ दिसली. माझा जीव तिच्या पोटासाठी तुटत होता हे खरं, पण तिनं माझ्या हातचं खावं, माझ्यामुळे खावं, हाही हट्ट होता. इतक्या दिवसांनी घरात कुणीतरी आलं होतं आणि मला ते घट्ट धरून ठेवायचं होतं. चमच्यानं धरत होतो, एवढंच.

मग मी धरणं सोडलं. घास पुन्हा बोराएवढे झाले. भात, वरण, दही, भाकरीचे तुकडे, शेंगांची चटणी असं सगळं मधोमध ठेवायला लागलो, तिची रिकामी ताटली बाजूला. काय घ्यायचं ते तिनं घ्यावं, नसेल घ्यायचं तर नसू दे. रात्री मुलीला सांगितलं, "आता मला किती खाल्लं ते विचारायचं नाही. काय गप्पा झाल्या ते विचार." आणि मी खरोखरच जेवायला लागलो, तिच्याकडे न बघता, चवीनं. बायको गेल्यापासून तसा जेवलोच नव्हतो.

हात परत आला. आधी घास गेले, मग भाकरीचा तुकडा गेला, मग एकदा दह्याची वाटीच सरकली. वांग्याला तिनं जीभ लावली, तोंड वाकडं केलं आणि वांगं माझ्या ताटात टाकलं. मी खाल्लं. वांगं तिनं शेवटपर्यंत खाल्लं नाही आणि त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही.

एकदा तिनं विचारलं, "अज्जा, हे बाहेरचे घास कुणाचे?"

यमाबद्दल लहान मुलीला काय सांगणार? म्हणालो, "ज्यांना जेवायला येता येत नाही, त्यांचे."

"अज्जीचे?"

"हो. तिचेही."

तिनं जरा वाट पाहिली. दाराकडे बघितलं. "ती नाही येत. मग मी खाते," म्हणाली आणि खाल्लेही. मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. त्यानंतर तीही आपल्या ताटलीच्या उजवीकडे भाताचे वेडेवाकडे घास मांडायला लागली. मांडून झाले की स्वतः जेवायची, आपल्या हातानं, कोपरापर्यंत वरण माखून.

आणि तेव्हा ते वाक्य मला पुरतं ऐकू आलं. आपल्या हातानं जेवायला लागली की घेऊन जाईन.

त्या रात्री फोन वाजला तेव्हा मी लगेच उचलला नाही. नाही म्हणालो असतो तर आणखी महिनाभर सहज मिळाला असता. मग उचलला. "जेवते," म्हणालो. "आपल्या हातानं जेवते." पलीकडे मुलगी रडायला लागली. तिचं रडणं आनंदाचं होतं. मी फोन जरा लांब धरला.

शनिवारी मुलगी आली. जेवताना तिचा हात सवयीनं लेकीच्या ताटलीकडे गेला. "अजून एक घास..." नातीचे ओठ लगेच मिटले. मी म्हणालो, "तू तुझं जेव. कधीपासून गरम जेवली नाहीस कोण जाणे." ती जेवली. तीनदा भात घेतला. नातीनं काय घेतलं ते मी पाहिलं नाही. रविवारी दोघी गेल्या.

घर परत होतं तसं झालं. मी घास मांडायचो आणि ते तसेच राहायचे. उजवीकडून कुणाचा हात यायचा नाही. आधी एकटं जेवायची सवय तरी होती, आता तीही मोडली होती. अक्का विचारायची, "ऊटा आतेनरी?" मी झालं म्हणायचो. पुष्कळदा झालेलं नसायचं.

एका रात्री मी ताटावर असतानाच मुलीचा फोन आला. "अप्पा, जेवण चांगलं चाललंय तिचं. पण एक नवीनच खोड. टेबलावर ताटलीबाहेर भाताचे घास मांडते. स्वतः खात नाही, मला पुसूही देत नाही. विचारलं तर म्हणते, अज्जाचे आहेत. अज्जाला जेवायला येता येत नाही ना."

माझा घास तोंडातच राहिला. "अगं, मी काय मेलोय?" मी जवळजवळ ओरडलोच. "सांग तिला, मी जिवंत आहे म्हणून!"

"मग या ना, अप्पा," मुलगी म्हणाली.

दर वेळी माझ्याकडे कारण तयार असायचं. त्या रात्री टाकी आठवली नाही, पेन्शन आठवली नाही. मागून नातीचा आवाज येत होता, कुणाला तरी ती घास पुसू नको म्हणून दटावत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पिशवी भरून मी घराची किल्ली द्यायला अक्काकडे गेलो. तुळशीचं पाणी तिच्यावर सोपवलं. ती सवयीनं म्हणाली, "ऊटा आतेनरी?"

"इल्लरी," मी म्हणालो, "अजून नाही. बेंगळूरला माझं ताट वाढून ठेवलंय."