वारस रेकॉर्डवर घेतले नाहीत

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — काऊन, ते माझं मलाच नीट कळत नाही.

मी मेहकरला दिवाणी वकिली करतो. जिल्ह्यातल्या वकिलांची प्रशिक्षण शिबिरं होतात, तिथं अपिलांवर बोलायला मला बोलावतात. विषय ठरलेला — अपील चालू असताना समोरचा पक्षकार वारला, तर त्याचे वारस मुदतीत रेकॉर्डवर घ्या. नाहीतर अपील आपोआप संपतं. त्यात मी एक किस्सा सांगतो. ‘एका वकिलाला’ अशिलानं स्वतः येऊन समोरचा गेल्याचं सांगितलं, आणि हा पठ्ठ्या हळहळून, चहा पाजून मोकळा झाला! पोरं खो-खो हसतात. मीही हसतो.

तो वकील — मीच की हो.

रुख्माबाईंचं माहेर जानेफळचं. बापाच्या वावरात हिस्सा मागत होत्या, सख्ख्या भावाकडे. खालच्या कोर्टात हरल्या, अपील माझ्याकडे आलं. एक दिवस पदरानं डोळे पुसत आल्या — “दादा गेला हो, वकीलसाहेब.” भांडण कोर्टात होतं, पण रडू खरं होतं. मी समजूत घातली. चहा सांगितला. वारसांचा अर्ज मात्र टाकायचा राहून गेला, मुदत उलटली आणि अपील संपलं.

तरी वाट होती ना! चूक माझी आहे असं प्रतिज्ञापत्र द्यायचं, उशीर माफ करून घ्यायचा. कोर्टं सहसा माफ करतात — हेही मीच शिकवतो. पण माझ्याच सहीनं माझा गलथानपणा लिहून द्यायचा? बार रूममध्ये तोंड कसं दाखवायचं? मी भ्यालो, दुसरं काही नाही.

रुख्माबाईंना म्हणालो, आपण हरलो. त्या म्हणाल्या, “म्हंजे कोर्टानंबी म्हनलं का, बापाच्या वावरात माह्यं काहीच नाही?”

कोर्टानं असं काहीएक म्हटलं नव्हतं. कोर्टानं त्यांचं ऐकलंच कुठं होतं? आणि मी — मी मान डोलावून म्हणालो, “हाव.”

पुढं त्या एकदा भेटल्या. भावजयीच्या पाया पडून आल्या होत्या. माह्यंच चुकलं, उगाच दादाले कोर्टात ओढलं, असं म्हणून माफी मागून आल्या होत्या. वर माझेच आभार मानले, आणि मी ते घेतलेसुद्धा. शरम वाटते लिहिताना.

परवाच्या शिबिरात किस्सा संपला, हसून झालं, आणि मागच्या रांगेतून एक तरुण वकीलबाई उठली. “सर, त्या अशिलाला नंतर खरं सांगितलं का?”

मी पाणी प्यालो. “सांगितलं असेल,” म्हणालो, आणि पुढच्या मुद्द्यावर गेलो.

रुख्माबाई आहेत अजून. सणावाराला माहेरी जातात, ओसरीवरच बसतात म्हणे. आत या म्हटलं तरी जात नाहीत.