उजव्या चाकाचा खुंटा

पांढऱ्या पावडरीवर लाल रेघ उमटली. केसाएवढी बारीक, पण सरळ. मी कापडाने पुसली, पुन्हा पावडर मारली. पुन्हा उमटली.

गाडी चार स्टँडवर चढवलेली होती. दोन सीटची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, साठ वर्षांच्या आसपासची. दक्षिणेत जुन्या गाड्यांची हौशी लोकांसाठी रेस होती. गाडी नेणारा ट्रक पाच दिवसांनी धुळ्याहून निघणार होता.

गाडी मीनाताईंची. जळगावला त्यांचा दातांचा दवाखाना. वडिलांचा कापसाचा धंदा होता, त्यांनी ही गाडी हौसेने मुंबईहून आणली होती. ते गेल्यावर ती गोडाऊनमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. मी बस आगाराच्या वर्कशॉपमधून हेड मेकॅनिक म्हणून रिटायर झालो आणि धुळ्यात छोटं गॅरेज टाकलं. ताईंनी गाडी माझ्याकडे आणली तेव्हा एवढंच म्हणाल्या, "नाना, मला ही पळवायचीय. शोकेसमध्ये ठेवायची नाही."

अशा रेसचा नियम साधा असतो. गाडी दिसायला जुनी होती तशीच हवी, पण आतला माणूस वाचला पाहिजे. म्हणून डोक्यामागे लोखंडी पाइपची कमान, म्हणजे रोल बार. पाच पट्ट्यांचा बेल्ट. आग विझवायचं सिलिंडर. बाहेरून बॅटरी बंद करायचा स्विच. ऑइलच्या बोल्टलासुद्धा बारीक तार पिळून बांधायची, हादऱ्याने तो सुटू नये म्हणून. हे सगळं मी केलं होतं. इंजिन तर असं जमलं होतं, की मी उगाचच ते चालू करून ऐकत बसायचो.

राहिली होती ती तडा तपासणी. भाग स्वच्छ करायचा, लाल रंग लावायचा, पंधरा मिनिटांनी पुसायचा आणि वर पांढरी पावडर फवारायची. कुठे तडा असेल तर आत शिरलेला रंग बाहेर येतो. डाव्या बाजूला काही नव्हतं. उजव्या बाजूला, पुढचं चाक ज्या जाड खुंट्यावर फिरतं त्या स्टब अॅक्सलवर, अगदी मुळाशी ती रेघ होती. हा खुंटा तुटला की चाक सुटतं. मग स्टीअरिंग आणि ब्रेक असून नसून सारखेच.

मी फोन केला. ताई दुपारचे पेशंट आटपून आल्या.

"वेल्डिंग करा."

"स्टीअरिंगच्या नि चाकाच्या भागाला मी वेल्डिंग लावत नाही, ताई."

"जळगावचा एक जण करून देतो म्हणतोय. एकच रेस आहे. तुमच्यावर काही येणार नाही, मी लिहून देते."

"लिहून दिल्यानं पोलाद धरत नाही."

त्या चिडल्या. म्हणाल्या, "पंधरा दिवसांपूर्वी तुम्हीच म्हणालात ना, पुढच्या चाकांचं काम झालंय म्हणून? मी जळगावपर्यंत चालवत नेली. काही झालं नाही."

इथे मी गप्प बसू शकलो असतो. तडा काल पडला असेल, असंही म्हणता आलं असतं. मी खुंटा त्यांच्या हातात दिला. रेघेच्या कडेला पोलाद तपकिरी झालं होतं. तडा जुना होता, त्यात गंज शिरला होता.

"हा त्या दिवशीही होता," मी म्हणालो. "मी बेअरिंग फिरवून पाहिलं, चाक हलवून पाहिलं आणि सांगितलं झालंय. तपासणी केली नव्हती. चूक माझी."

ताईंनी त्या रेघेवरून नख फिरवलं.

"पारोळ्याच्या पुढे मी शंभरच्या वर गेले होते, नाना," त्या म्हणाल्या. "शेजारी माझी मुलगी होती."

मी खुंटा त्यांच्या हातातून घेऊन कापडात गुंडाळला. वेल्डिंगचा विषय पुन्हा निघाला नाही.

इंग्लंडहून नवा खुंटा यायला महिना लागला असता. म्हणून नरडाण्याला गेलो. तिथे एमआयडीसीत देविदास आबांचं लोखंड कातायचं लेथ मशीन आहे. आबा टर्नर, माझ्यापेक्षा मोठे, बोलणं अहिराणी. त्यांच्याकडे कडक करून आलेल्या चांगल्या पोलादाचा बार होता. त्यांनी जुना खुंटा फिरवून पाहिला.

"दोन्ही बाजूना करी दिसू. पन नाना, घाई करानी नही."

दोन्ही बाजूंचे करून देतो म्हणाले, पण घाई करायची नाही. मी घाई केली. रोज दोन फोन केले.

ट्रक निघायच्या आदल्या दिवशी ताई आणि मी नरडाण्याला पोचलो. दोन्ही खुंटे तेल लावून ठेवलेले होते. मापं चोख होती. पण आबांनी चहासुद्धा विचारला नाही. एक खुंटा उचलला आणि भिंगासकट माझ्यापुढे धरला.

"हाई देख. रेघ शे. मनीच चूक शे." चूक माझीच आहे, असं ते स्वतःच सांगत होते.

खुंटा जिथे जाड होतो, तिथे कोपरा गोल आणि गुळगुळीत ठेवायचा असतो. नेमकी तिथे कटिंग टूलची एक बारीक रेघ राहिली होती. तडा अशाच जागेवरून सुरू होतो. पॉलिश मारलं असतं तर वरून दिसली नसती. दुसरा करायला निदान दोन दिवस हवे होते.

मी तोंड उघडायच्या आत ताईंनी भिंग घेतलं. दातातली कीड बघावी तसं वाकून पाहिलं.

"ही राहिली तर?"

"एक रेस निघेलही कदाचित," मी म्हणालो. "सांगता येत नाही."

त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि तिथेच उभ्या राहून ट्रकवाल्याला फोन लावला. "उद्या येऊ नका. हो, रद्दच करा." मग आबांना म्हणाल्या, "आबा, सावकाश करा."

रेसच्या दिवशी ताई दवाखान्यात होत्या. मी फोन केला नाही. धीर झाला नाही.

पुढची रेस काही महिन्यांनी त्याच ट्रॅकवर होती. तिथल्या तपासनिसाने चाकं काढायला लावली, आबांनी केलेले नवे खुंटे पाहिले, तपासणीचा कागद वाचला आणि गाडीवर पास झाल्याचा स्टिकर चिकटवला. ताई शेवटून चौथ्या आल्या. हेल्मेट काढलं तेव्हा घामाने केस चिकटले होते आणि चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"नाना, तिसऱ्या गिअरमधून दुसऱ्यात टाकताना अडकते हो!"

ते मी अजून दुरुस्त करतोय. माझ्या जॉब कार्डवर आता दोन रकाने आहेत. एक 'केलं' आणि दुसरा 'तपासलं'. दोन्हीखाली सही झाल्याशिवाय मी किल्ली देत नाही. गिऱ्हाइकं वैतागतात. वैतागू देत.