शिंगाचा पोचा

"कोणी सांगल्यान तुका पोचो काढूक? माझ्या आज्यान पाडलेलो पोचो तो, रे पाकल्या!"

डिचोलीजवळच्या आमच्या सर्वणच्या देवळासमोर शिंग फुंकणारा दाजी असा ओरडत होता की पालखीतल्या देवानेही कानांवर हात ठेवले असतील. दाजीच्या हातात गावाचं शिंग, ते वाकडं पितळी वाद्य, आरशासारखं लखलखीत. आणि पुढ्यात मान खाली घालून उभा आमचा शेजारी, कातालान.

जगात जेवढं म्हणून पितळ आहे ते थोडंफार बेसूर आहे आणि ते सुरात आणायची जबाबदारी एकट्या आपल्यावर आहे, अशी या माणसाची पक्की समजूत. तिकडे स्पेनमधल्या कातालोनियात त्याच्या घराण्याचा ट्रंपेट घडवायचा कारखाना होता. आजा, बाप आणि हा. नियम एकच, पोचा असलेलं वाद्य दाराबाहेर जाणार नाही. पुढे गिऱ्हाईक आटलं, कारखान्याचं हॉटेल झालं आणि उरलेल्या ट्रंपेटांत दिवे बसवून ती टेबलांवर टांगली गेली. ते बघवेना म्हणून हा गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर हवापालटाला आला. एकदा डिचोलीच्या बाजारात समया ठोकल्याचा आवाज कानी पडला, आणि गडी समुद्राकडे पाठ फिरवून आमच्या शेजारी खोली घेऊन राहिला तो राहिलाच. आमच्याकडे गोरा माणूस म्हणजे पाकलो. पण हा छातीवर बोट आपटून सांगायचा, पोर्तुगीज नाही, स्पॅनिशही नाही, कातालान. दाजीने एकदा ते शांतपणे ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "म्हणजे तुमची पण नवी काबिजाद." आम्हा डिचोलीकरांना ते तिथल्या तिथे पटलं. पोर्तुगिजांनी मागाहून जिंकून गोव्याला जोडलेला मुलूख म्हणजे नवी काबिजाद, आणि आम्हीही त्यातलेच.

पितळ दिसलं की त्याची बोटं वळवळत. लग्नाच्या मांडवात नवरानवरीच्या आधी तो समईला भेटायचा, नखाने टिचकी मारून कान लावायचा. सायकलवरून पाव विकणाऱ्या पदेराला भररस्त्यात थांबवून त्याचा भोंगा याने असा काही दुरुस्त केला की पार तिकडच्या हळर्णच्या किल्ल्यावरची माकडं म्हणे पिशव्या घेऊन उंडे-पाव आणायला निघाली. पोचा तर त्याला काट्यासारखा सलायचा, मग तो पितळेचा असो की पत्र्याचा. माझ्या मेव्हण्याच्या गाडीला खाणीच्या ट्रकने पाडलेला पोचा त्याने आमची जेवणं होईपर्यंत प्रेमाने काढून टाकला. मेव्हणा त्या ट्रकवाल्यावर केस घालणार होता. पुरावाच गेला. मेव्हण्याचा वकील अजून मला बघून रस्ता बदलतो.

अशा माणसाकडे दाजीने शिंग दिलं ते नुसतं चिंचेने घासायला. शिंगाच्या तोंडाजवळ हा भलामोठा पोचा. दाजीच्या आज्याने म्हणे त्या शिंगाने वाघाला हाणलं होतं. तो वाघ दर वर्षी थोडा मोठा होत असे. पाकल्याने वाघाचा विचार न करता पोचा काढून टाकला. शिंग वाजल्याशिवाय आमच्याकडे पालखी उचलत नाहीत, आणि आमचं शिंग वाजायचं घशात काटा अडकलेल्या रेड्यासारखं. त्या दिवशी पालखीच्या वेळी दाजीने फुंकलं तर सूर निघाला मधाळ, गोल. भोई ढिम्म. पुन्हा फुंकलं, तर एक भोई म्हणाला, लग्नाचा बँड चाललाय रस्त्यावरून, जाऊ दे, मग आपलं शिंग वाजेल. अखेर हाताने खुणा करून देव उचलावा लागला.

देवस्थानवाल्यांनी सांगून टाकलं, सोमवारच्या पालखीपर्यंत जुना आवाज येत नसेल तर शिंग कपाटात आणि देवळावर स्पीकर. पिढ्यान्‌पिढ्यांचा मान एका डब्याला जाणार, या धसक्याने दाजीचं ओरडणंच बंद झालं. तो पाकल्याच्या दारात जाऊन बसला आणि हळूच म्हणाला, पोचो परत पाड. पाकलो पांढरा होताच, तो आणखी पांढरा झाला. आमच्या घराण्यात कोणी पाडला नाही, एवढं बोलून त्याने दार लावून घेतलं. जेवायला हाक मारली तरी बाहेर येईना.

सोमवारी सकाळी मात्र तो लाकडी हातोडी घेऊन देवळाच्या पायरीवर दाजीशेजारी येऊन बसला. दाजी फुंकायचा, हा एक हलका ठोका द्यायचा, आणि जमलेला गाव सल्ले द्यायचा. कोणाला रेडा कमी वाटे, कोणाला काटा. असं बराच वेळ चाललं. मग एक ठोका असा बसला, की समोरच्या हॉटेलात चहा पीत बसलेले भोई हातातले कप ठेवून उठले आणि खांदे वाकवून उभे राहिले. पालखी अजून गाभाऱ्यातच होती. गाव खदखदून हसला. पाकल्याने हातोडी खिशात घातली आणि शिंगाकडे न बघता तो घरी निघून गेला.

यंदा तो गेला, झोपेतच. त्याची मुलगी तिकडून हत्यारं न्यायला आली होती. बाबा इथे एवढी वर्षं काय घडवत होते, असं तिने विचारलं. समया, घंटा, भोंगे, मी आठवून आठवून सांगू लागलो. दाजी शेजारी शिंग पुसत होता. काय विचारते, म्हणाला. मी सांगितलं.

"एक पोचो केल्यान," दाजी म्हणाला. "बरो केल्यान."