उताराखालची मोकळी जागा

"कल्याणहून मुरबाड, तिथून आडवाटेने शहापूर आणि हायवेने परत, असा फेरा एका दिवसात होतो का?" असं मागच्या लेखाखाली तिघाजणांनी विचारलंय. होतो की! आता तर डांबर आहे, पूल आहेत, दुपारच्या चहाला तुम्ही घरी असाल. आम्ही हा फेरा साठ सालाच्या आसपास केला होता, एका खोकणाऱ्या काळ्या मोटारीतून, आणि दिवेलागणीला परत आलो होतो. त्या दिवसाबद्दल मी आजवर कुठे लिहिलं नाही, बोलले तर त्याहून नाही. आता विचारलंच आहे तर सगळंच सांगते.

मोटार आमची म्हणजे यांच्या साहेबांची. साहेबांनी नवी घेतली आणि जुनी आमच्या गळ्यात मारली. हौसेला मोल नसतं म्हणतात ते खरं. लग्नाला दोन वर्षं झाली होती, मी बावीस वर्षांची, आणि आमच्या आळीत दुसऱ्या कुणाकडे मोटार नव्हती. हे रोज संध्याकाळी तिला आंघोळ घालायचे. मग एका शनिवारी म्हणाले, "नुसती पुसून काय करायचंय? उद्या जाऊ कुठेतरी." मी म्हटलं, "समुद्र नको, देऊळ नको. जिथे कुणी मोटारीने जात नाही तिथे चला." हा शहाणपणा माझाच.

माघाचे दिवस होते. पहाटे उठून दशम्या केल्या, लसणीची चटणी, चार कांदे, गुळाचा खडा. पेट्रोल कल्याणलाच भरून घेतलं, कारण पुढे मिळेल याची खात्री नव्हती. मागच्या सीटवर पाण्याचे दोन डबे, कारण इंजिनला आमच्यापेक्षा जास्त तहान लागायची. मुरबाडपर्यंतचा रस्ता बरा होता. वाटेत गवताने लादलेल्या बैलगाड्या भेटत होत्या. घराएवढा उंच भारा आणि त्याच्या टोकावर गाडीवान. भोंगा वाजवला की तो बिचारा गाडी कडेला घ्यायचा, बैल बुजायचे, आणि आम्ही धूळ उडवत पुढे. मला तेव्हा फार मजा वाटली. खोटं कशाला बोलू?

मुरबाडला बाजार होता. बैलगाड्या कुठे सोडायच्या, बैल कुठे बांधायचे, सगळ्याच्या जागा ठरलेल्या. एकाने जरा पुढे गाडी सोडली तर हवालदाराने त्याला सगळ्यांदेखत झापलं. आमची मोटार मात्र यांनी बाजाराच्या ऐन मधोमध उभी केली, मिरच्यांच्या दोन पाट्या हलवायला लावून, आणि हवालदाराने आम्हाला सलाम ठोकला. यांनी मिशीतल्या मिशीत हसून मला म्हटलं, "बघितलंस? मोटारीचा रुबाब!" आम्ही भजी खाल्ली, गुळाचा चहा प्यालो. तो चहा असा काही झकास होता की मी दुसरा मागितला.

मुरबाडच्या पुढे टोकावड्याच्या रस्त्याने थोडं जाऊन डावीकडे वळलं की शहापूरची वाट लागते. तेव्हा खडी, मग लाल माती, मग नुसती चाकोरी. मधे काळू नदी. नदीअलीकडे उतारावर एक गाव आहे, त्याचं नाव लिहीत नाही. गावातून एकच गल्ली खाली नदीवर उतरते. दोन्ही बाजूंना दगडी बांध, मधे जेमतेम एका गाडीची वाट, आणि उतार असा की पायी चालणाऱ्यानेही जपूनच उतरावं. आम्ही पहिल्या गियरमध्ये, देवाचं नाव घेत, खाली आलो. इंजिन वाफा सोडायला लागलं होतं. उतार संपतो तिथे उजव्या हाताला वाळूची मोकळी जागा होती, वर आंब्याची सावली. आजूबाजूला कुठेही सावली नाही आणि ही जागा रिकामी! यांनी मोटार तिथेच उभी केली.

नदीकाठी एका दगडावर एक म्हातारी बसली होती. काळी, सुकलेली, लुगडं गुडघ्यापर्यंत. ती लगबगीने आली.

"बाय, मोटार हितं नको. ही जागा मोकली ठेवायची."

"का? कुणाची आहे?" यांनी विचारलं.

"कुनाची नाय. गाड्यांची हाय. भरल्याली गाडी बैलांना आवरली नाय, तं गाडीवान हितं वलवतो. रेतीत चाकं रुततान, गाडी थांबते. हितं आमी शेरडूबी बांधत नाय."

इतकं स्पष्ट सांगितलं होतं तिनं. एवढ्यात वरून लांब हाक आली, "होऽऽऽ!" म्हातारीने मान वळवून वाट पाहिली, गल्ली पाहिली, आमची मोटार पाहिली, आणि गप्प बसली. वरचा पुन्हा ओरडला. ही गप्पच. मग तिने मला समजावलं. वरून भरलेली गाडी उतरवायची तर गाडीवान आधी हाक देतो. खाली सगळं रिकामं असेल तर ती तोंडाला हात लावून "ओऽऽऽ" म्हणते. ओ आली नाही तर गाडी वरच थांबते, मग अर्धा दिवस का जाईना. सुगीनंतरचे तीन महिने ती रोज तिथे बसायची. तिचं नाव बुधी. सगळे बुधीबाय म्हणत. राहायची गावाच्या कडेच्या वाडीत, स्वतःची जमीन वीतभर नाही. या कामाचे प्रत्येक गाडीवाला तिला पायलीभर भात द्यायचा आणि त्यावर तिचं वर्ष निघायचं.

"मंग काडा मोटार," ती म्हणाली.

"अगो बाई, इंजिन तापलंय. थंड झाल्याशिवाय सुरू व्हायचं नाही. अर्धा तास थांबू देत तुझ्या गाड्या," हे म्हणाले. खोटं नव्हतं ते. पण चौघांनी ढकलली असती तर मोटार वीस पावलं सरकली असती, हेही तितकंच खरं.

बुधीबाय म्हणाली, "मी पाटलांना आनते." गल्लीने न जाता ती बांधामागच्या पायवाटेने झपझप वर गेली. हे डबे घेऊन नदीवर गेले. मी आंब्याखाली पथारी टाकली आणि दशम्या सोडल्या.

आणि वरून परत हाक आली. "होऽऽऽ!"

काय झालं मला ते आजही सांगता येत नाही. ऊन छान होतं, कुणी बघत नव्हतं, सासरी मोठ्याने हसायचीही चोरी. उचलली जीभ लावली टाळ्याला! तोंडाला हात लावला आणि म्हातारीने समजावलं होतं तश्शीच लांबलचक ओ दिली. इतकी सुरेख जमली की मी एकटीच हसले.

ओरडून झाल्यावर कळलं. तोंडावर हात धरून उभीच राहिले. "नको, थांबा" असं ओरडायला हवं होतं, पण ते ओरडले नाही. गल्लीतून चाकांचा खडखडाट यायला लागला होता.

गवताची गाडी होती, गोमा नावाच्या तरण्या गाडीवानाची. मागे ब्रेकसाठी बांधलेला ओंडका खडकावर आपटत येत होता. अर्ध्या उतारावर दोर तुटला. बैल मागच्या पायांवर बसत बसत आले, पण तो डोंगर त्यांना कसा आवरणार? गोमाने सवयीने कासरा उजवीकडे ओढला, वाळूकडे, आणि समोर आमची मोटार, शेजारी मी. त्याने मला पाहिलं आणि पुन्हा डावीकडे ओढलं. गाडी बांधावर गेली आणि कलंडली. गोमा गवतावरच पडला म्हणून वाचला. डावीकडचा बैल जुवाखाली अडकला, पुढचा पाय वाकडा. तो बैल ओरडत नव्हता, नुसता फुसफुसत होता. मला ते बघवेना.

हे नदीवरून धावत आले. वरून पाटील आले, मागून पाचपन्नास माणसं, आणि त्यांच्यात बुधीबाय. सगळ्यांनी मिळून जू कापलं, बैल सोडवला. गोमाने हातातला कासरा टाकला. तो तिच्यावरच धावून गेला.

"बुधे, मोटार दिसत नव्हती काय तुला? ओ का दिलीस?"

"मी नाय दिली रे."

"मी कानांनी आयकली! बाईमानसाचीच व्हती!"

"मी पाटलांकडं गेलते. इचार त्यांना."

पाटलांनी दाढी खाजवली. "तू माझ्या दारात पोचलीस आन् हिकडं गाडी पडल्याचा आवाज झाला. ओ देऊन मंग मोटार आठवली आसंल तुला. भिऊन पळालीस."

"नाय पाटील. पोरांची आन घेते."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिथे दुसरी बाई कोण होती? तिला त्याच क्षणी समजलं असणार. ती रागाने बघत नव्हती. नुसती वाट बघत होती, मी बोलेन म्हणून. मी खाली वाकले आणि दशम्या फडक्यात बांधायला लागले. दोनदा गाठ सुटली.

माझं नाव तिनं का घेतलं नाही? घेऊन उपयोग काय होता! मोटारीतून आलेली बाई एकीकडे आणि वाडीवरची म्हातारी दुसरीकडे. तिला गावाची रीत माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती.

यांचं एक सांगते, हे चुकले ते कबूल करून मोकळे झाले. "मोटार मी इथे लावायला नको होती, म्हातारीने बजावलं होतं," असं सगळ्यांसमोर म्हणाले, गोमाच्या हातात खिशात होतं नव्हतं ते ठेवलं, घरचा पत्ताही दिला. पण पाटलांनी उलट आमचीच माफी मागितली. "तुमी पावने. तुमाला हितली वाट काय ठाव?" वर नेऊन बसवलं, ताक दिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, त्यातला चोर ओसरीवर बसून ताक पीत होता. बुधीबाय अंगणाबाहेर उभी होती. तिला कुणी बस म्हटलं नाही.

पुढचा रस्ता कसा होता असं विचाराल तर मला फारसं आठवत नाही. नदी पाण्यातून पार केली, मोटार गावकऱ्यांनीच ढकलून दिली. शेणव्याला थांबलो, तिथे एका घरी पाणी मागितलं. शहापूरला उसळ-पाव चांगला मिळायचा, यांनी खाल्ला, मी नाही. शहापूरनंतर आग्रा रोड, गुळगुळीत. वाशिंदला फाटक बंद होतं. तिथे थांबलो तेव्हा हे म्हणाले, "फार मनाला लावून घेऊ नकोस. चूक माझी आहे." तेव्हा सांगायला हवं होतं. फाटक उघडलं आणि मोटार निघाली.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. माघातच जा, हवा छान असते. नदीवर आता पूल आहे म्हणतात, उतारही छाटून सपाट केलाय. पण कुठल्याही लहान गावात गाडी लावण्याआधी तिथल्या माणसाला विचारा. पाटी नसते म्हणून नियम नसतो असं नाही. रिकामी जागा दिसली तर ती का रिकामी आहे ते आधी विचारा, आणि सांगितलेलं ऐका. आम्हाला सांगितलं होतं.

त्यानंतर वर्षभराने, परत गवताच्या दिवसांत, एका दुपारी आमच्या कल्याणच्या घरी कुणीतरी दार वाजवलं. उघडते तो गोमा. गवत घेऊन बाजारात आला होता, यांनी दिलेल्या पत्त्यावर शोधत शोधत पोचला होता. पिशवीत आमच्यासाठी वालाच्या शेंगा. हे कामावर होते. मी त्याला पडवीत बसवलं, चहा दिला. बैल जगला पण लंगडा झाला, विकावा लागला, म्हणाला. राग कसलाच नव्हता त्याच्या बोलण्यात. इकडचं तिकडचं झालं आणि मी विचारलं, "बुधीबाय कशी आहे?"

"तिला काडली तिथनं. तिच्या ओ वर आता कोन गाडी सोडनार? भिवंडीकडं इटभट्टीवर गेली पोरांसंगती. ह्या वयात." त्याने बशीत चहा ओतला, पण प्यायला नाही. "वैनी, माजा बाप गाड्या हाकायचा तवापास्नं ती बसायची. एकदाबी चुकली नाय. मला रातचं झोपताना वाटतं, आपुन म्हातारीला उगाच तं नाय ना बोललो? तुमी तवा खालीच व्हता. तुमी सांगा, मी आयकतो. तिनंच दिली ना ओ?"

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आमच्या दोघांशिवाय घरात कुणी नव्हतं. हो की नाही, एवढंच सांगायचं होतं. तो दुसऱ्या दिवशी भिवंडीला गेला असता, तिला घेऊन आला असता, अशा जातीचा माणूस होता तो.

मी म्हटलं, "माझं लक्ष नव्हतं रे."

"मंग तीच," गोमा म्हणाला, आणि चहा प्यायला लागला.