नक्की ना?

भावजी आपलं एक जुनं पत्र पुसायला वहिनींच्या कॉम्प्युटरवर बसले आणि वहिनींचं तीन आठवड्यांचं काम पुसून उठले. त्या पडद्यावर ना चित्रं, ना बटणं. हुकूम टाइप करायचा, की झालं. पत्राचं लांबलचक नाव लिहायचा कंटाळा आला, म्हणून भावजींनी त्या जागी चांदणीची खूण ठोकली. चांदणी म्हणजे ‘इथलं सगळं’, हे त्यांना वहिनींकडून कळलं, पण नंतर.

वहिनी प्रोग्रामर. ऑफिसनं दिलेली रंगीबेरंगी ऑपरेटिंग सिस्टीम त्यांनी आठवड्यात काढून ही रूक्ष घातली होती. “ती सारखी माझा हात धरते,” एवढंच कारण सांगितलं होतं.

दवाखान्यासाठी केलेला प्रोग्राम उद्या द्यायचा होता. तरी वहिनी ओरडल्या नाहीत. त्यांनी चष्मा पुसला, दुसऱ्या डिस्कवर ठेवलेली कालची प्रत परत आणली आणि आज सकाळी लिहिलेलं तेवढं आठवून आठवून पुन्हा लिहायला घेतलं.

भावजींचा जीव भांड्यात पडला. जीव भांड्यात पडला, की त्यांना सल्ला सुचतोच.

“वहिनी, राग मानू नका, पण माझ्यासारखा साधा, सभ्य कॉम्प्युटर घ्या की! काही पुसण्याआधी तो ‘नक्की ना?’ असं विचारतो तरी.”

वहिनींची बोटं थांबली नाहीत.

“भावजी, त्यानं विचारलं असतं, तरी तुम्ही ‘हो’च म्हणाला असतात.”